पुकारूनही गैरहजर

लेक – हळू बोला अप्पा, खारू गॅलरीत आहे.

अप्पा – हळू बोलायला मला कधी आलंय? उभा जन्म कोर्टाच्या दारात लोकांना हाका मारण्यात गेला माझा.

लेक – म्हणूनच म्हणते. आणि जरा तिकडे सरका, इस्त्री तापलीय. सकाळी सलूनमध्ये म्हणून गेलात ते थेट जेवायच्या वेळेला उगवलात, आणि आल्यापासून तोंड फुगवून बसलाय. काय झालंय ते एकदाचं सांगून टाका.

अप्पा – शेजारच्या खुर्चीत तो बसला होता.

लेक – कोण तो?

अप्पा – माझ्या जागेवर लागला तो. तुमच्या कौटुंबिक न्यायालयात आता पुकारा करतो ना, तो. मला बघून असा खुलला, काय सांगू तुला. तोंडभर साबण, तरी बोलायचा थांबेना. म्हणे, "अप्पा, तुमच्या घरचं काम चोख केलं बरं का. तुमचा निरोप आला तसं जिन्याच्या तोंडाशी जाऊन पुकारलं. हळूच." वर डोळा मारला.

लेक – बरं, मग?

अप्पा – मग काय, मग! मी कधी दिला निरोप?

लेक – बडबड्या आहे तो. सगळ्या कोर्टाला ठाऊक आहे.

अप्पा – बडबड्या आहे, खोटारडा नाही. त्याला मी तयार केलाय. पहिल्या दिवशीच बजावलं होतं, बाबा रे, पुकारताना कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. ओळखीचा दिसला की आवाज बदलतो. नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची आणि नाव घ्यायचं. आज तेच मला ऐकवतो. म्हणे, "जावई तिथेच बाकावर होते, पण तुम्हीच शिकवलंय ना, तोंड बघायचं नाही. मी बघितलंच नाही." आणि हसतोय! न्हावी पण हसतोय!

खारू – आजोबाऽ! अस्वल येतच नाहीये! मी कधीची बोलावतेय त्याला!

अप्पा – तीनदा पुकारलंस का?

खारू – दोनदाच.

अप्पा – मग अजून एकदा पुकार. घशातून नाही, पोटातून काढायचा आवाज. पार शेवटच्या बाकावर कुणी पेंगत असेल ना, तोही दचकून उठला पाहिजे.

खारू – अस्वल हजर आहे काऽऽऽ!

अप्पा – शाब्बास माझी वाघीण! आता कुठे जातंय ते? त्याला बाकावर बसव आणि बदकाला बोलाव.

लेक – काय एकेक खेळ शिकवलेत पोरीला. शेजारचे काय म्हणत असतील.

अप्पा – म्हणू देत. निदान ती मोठ्यानं तरी पुकारते.

लेक – टोमणे मारू नका हं. बोलायचं असेल तर सरळ बोला.

अप्पा – सरळ विचारतो. माझ्या नावानं तू निरोप दिलास की नाही?

लेक – हे बघा. पुकारा झाला. तीनदा झाला. साहेबांनी विचारलं, पुकारा केला का? तो म्हणाला, केला. किती मोठ्यानं करायचा आणि कुठे उभं राहून करायचा, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

अप्पा – म्हणजे दिलास.

लेक – मी तसं म्हटलेलं नाही.

अप्पा – अगं, मी काय समोरचा साक्षीदार आहे? बाप आहे मी तुझा.

लेक – मग बापासारखं वागा.

अप्पा – बापासारखं वागलो म्हणून तर न्हाव्यासमोर तोंड उघडलं नाही. उठलो, आणि तडक त्याच्या कारखान्यावर गेलो.

लेक – कुणाच्या? त्याच्या? अप्पा! उद्या सुनावणी आहे आणि आज तुम्ही समोरच्या पक्षाला भेटून आलात?

अप्पा – समोरचा पक्ष! ज्या टेबलावर तू इस्त्री फिरवतेयस ना, ते त्यानं केलंय. ह्या घराची दारं त्यानं बसवलीत. दारांना पण म्हण समोरचा पक्ष.

लेक – सुतार होता, दारं बसवली. त्याचं काय एवढं? तुम्ही सांगितलंत का त्याला? हे जिन्याचं वगैरे?

अप्पा – नाही.

लेक – खरं सांगा.

अप्पा – जीभच रेटली नाही माझी. जाताना ठरवून गेलो होतो, सगळं सांगून मोकळं व्हायचं. त्यानं मला बघितलं, मशीन बंद केलं, स्टुलावरचा भुसा फुंकून उडवला, "बसा अप्पा" म्हणाला. चहा मागवला. खारूच्या भेटी बंद करायचा हुकूम झाल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो, पण एका शब्दानं विचारलं नाही त्यानं. खारूनं दात पाडला का, एवढं विचारलं. आणि मग मला म्हणतो कसा, "माझीच चूक झाली हो."

लेक – आहेच त्याची चूक.

अप्पा – ऐक तर पुढचं. म्हणाला, "मी खिडकीखालच्या बाकावर होतो. चांगला शर्ट घालून गेलो होतो. डावा कान कामातून गेलाय ना माझा ह्या मशीनपायी, म्हणून मुद्दाम उजवा कान कोर्टाच्या दाराकडे करून बसलो. पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. तरी मला ऐकू आलं नाही. तुम्ही असतात तर आलं असतं." मला म्हणतो! माझ्या तोंडावर! "अप्पा, तुम्ही असतात तर आलं असतं."

लेक – तो असं बोलतोच. लोकांना पाझर फुटावा म्हणून.

अप्पा – दार उजवीकडे आणि जिना डावीकडे.

लेक – काय?

अप्पा – मी त्या व्हरांड्यात आयुष्य काढलंय, बये. खिडकीखालच्या बाकावर दाराकडे उजवा कान करून बसलं की जिना येतो डावीकडे, कोपऱ्याच्या आड. त्या पुकारेवाल्याला काय ठाऊक ह्याचा कुठला कान गेलाय ते? हे बायकोलाच ठाऊक असतं. नाव माझं, आवाज त्याचा आणि अक्कल तुझी.

लेक – पुरे करा.

अप्पा – आणि त्याला वकील का मिळत नाही? तेही सांग.

लेक – मला काय विचारता? त्यानं शोधावा.

अप्पा – शोधला नाही होय? उंबरे झिजवले त्यानं सगळ्यांचे. कुणाला वेळ नाही, कुणाची तब्येत बरी नाही. शेवटी एकानं खरं काय ते सांगितलं. "बाईंच्या विरुद्ध मी उभा राहणार नाही, रोज दुपारी एका टेबलावर डबा खातो आम्ही."

लेक – मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. ह्याची शपथ घेते.

अप्पा – सांगावं लागतच नाही. गावात शंभर सुतार आहेत, एकानं नाही म्हटलं तर दुसरा दार करून देतो. तुमच्यात तसं नाही. वकील संघाची सचिव झालीस तेव्हा आख्ख्या चाळीला पेढे वाटले होते मी. माझी पोरगी! पुकारेवाल्याची पोरगी, आणि साहेब तिला 'मॅडम' म्हणतात!

लेक – आता लाज वाटते का माझी?

अप्पा – लाज नाही वाटत. भीती वाटते.

लेक – माझी?

अप्पा – उद्याची. त्यानं अर्ज स्वतःच लिहिलाय. मला वाचून दाखवला, शाळेतला निबंध वाचतात तसा. "मला कमी ऐकू येत असल्यामुळे पुकारा ऐकू आला नाही, तरी एकतर्फी हुकूम रद्द करून मला माझ्या मुलीला भेटू द्यावं." आणि कानाचं यंत्र घेतलंय नवीन. खोक्यातून काढून कानात घालून दाखवलं. उद्या साहेबांना दाखवणार आहे. बघा म्हणणार, आता ऐकू येतं.

लेक – अर्ज वाचलाय मी. यंत्राचं ठाऊक नव्हतं.

अप्पा – मग उद्या त्यावर काय बोलणार आहेस?

लेक – ते मी तुम्हाला का सांगू?

अप्पा – नको सांगूस, मीच सांगतो. तुझ्यासारखे पुष्कळ ऐकलेत मी दारात उभं राहून. तू उठशील, गाऊन सावरशील आणि अगदी मऊ आवाजात म्हणशील, "साहेब, ज्या माणसाला कोर्टाचा पुकारा ऐकू येत नाही, आणि हे तो स्वतः लिहून देतो, त्याला आपल्या लेकीची किंकाळी काय ऐकू येणार?" झालं. तो बिचारा खोकं हातात धरून उभा राहील. आपण काय लिहून दिलं हे त्याला घरी गेल्यावर कळेल. असंच ना?

लेक – साधारण असंच.

अप्पा – शब्द तुझे जरा बरे असतील.

लेक – आणि ते खोटं आहे का? सांगा ना! माझ्यावर डोळे काय वटारताय? त्या दिवशी ती ओरडली, अप्पा. पटाशी बोटात गेली तिच्या, आणि ती ओरडली. हा पाठमोरा, मशीन चालू. शेजारच्या दुकानातला माणूस धावत आला तेव्हा ह्यानं मान वळवली. टाके घालताना तिचं डोकं मी धरलं होतं, तुम्ही बाहेर बसला होतात. "आई, मी बाबांना हाक मारली होती" म्हणत होती सारखी. मला अजून झोपेत ती हाक ऐकू येते. मी तिथे नव्हते, मी ऐकलेली नाही, तरी येते. मी काय सूड उगवतेय असं वाटतं तुम्हाला? मला भीती वाटते! एवढी एकच पोर आहे मला!

अप्पा – मलाही वाटली होती भीती.

लेक – मग?

अप्पा – मग हेच सांग ना साहेबांना. हेच, अशीच रडत सांग. पण तो समोर असताना सांग. त्यालाही काही म्हणायचं असेल.

लेक – आणि साहेबांनी त्याचं ऐकलं तर? मी रोज बघते हे. साधा माणूस, हात जोडून उभा, डोळ्यांत पाणी. साहेब विरघळतात. "ठीक आहे, रविवारी भेट चालू ठेवा." रविवारी माझी पोर पुन्हा त्या पटाश्यांत. एका रविवारी बोटावर निभावलं. पुढच्या वेळी काय?

अप्पा – म्हणजे तुझी बाजू खरी होती.

लेक – होतीच!

अप्पा – तर मग त्या जिन्याची काय गरज होती, पोरी?

खारू – आई, बदकाचा पाय निघाला. हा बघ. बाबांना देऊया का चिकटवायला?

लेक – ठेव तिथे टेबलावर. मी बघते नंतर. इस्त्रीला हात लावू नकोस.

खारू – तुला नाही येत. अस्वलाचा हात तू उलटा लावलास, आता ते सारखं टाटाच करतं. बाबा कधी येणार?

लेक – बाबांना काम आहे बाळा.

खारू – रविवारी पण?

लेक – रविवारी पण. खूप काम आहे.

खारू – कसं असेल? मी गेले की ते मशीन बंद ठेवतात. माझं बोट कापलं ना, तेव्हापासून. खारू आली की मशीनला सुट्टी, असं ठरलंय आमचं. आणि मी त्यांच्या ह्या बाजूला बसायचं, ह्या कानाच्या. मग आम्ही नुसतं पॉलिश करतो. त्याला आवाज होत नाही.

लेक – हे मला नाही सांगितलंस कधी.

खारू – तू म्हणालीस ना, तिकडचं काही सांगायचं नाही.

अप्पा – जा बरं, सशाला पुकारून ये. तो बराच वेळ ताटकळलाय.

खारू – ससा हुशार आहे. तो एकदाच पुकारलं की येतो.

लेक – ...गेली?

अप्पा – गेली.

लेक – मला हे ठाऊक नव्हतं, अप्पा.

अप्पा – मलाही कुठे होतं?

लेक – ती लहान आहे. बापाच्या बाजूनं बोलणारच.

अप्पा – असेल. तेही साहेब बघतील. तू असं कर, उद्या उठ आणि एवढंच म्हण, हुकूम रद्द करायला माझी हरकत नाही. बास. पुढे काय भांडायचं ते भांड, कडकडून भांड, मीच तुझ्या मागे बसेन. पुकारेवाल्याची नोकरी वाचेल, तुझी सनद वाचेल, कुणाला काही कळणार नाही. तो आपला जन्मभर समजेल की कानामुळे झालं. समजू दे.

लेक – आणि नाही म्हटलं तर?

अप्पा – तर मी उभा राहीन.

लेक – काय सांगणार उभं राहून? सलूनमधल्या गप्पा? ऐकीव आहे सगळं. तो पुकारेवाला साहेबांसमोर कानांवर हात ठेवेल.

अप्पा – ठेवेल. नोकरीला भितो तो. पण साहेब मला ओळखतात. म्हातारा कशाला उगीच स्वतःच्या लेकीवर उठेल, एवढं तरी मनात येईल त्यांच्या.

लेक – माझी सनद जाईल.

अप्पा – जाईल.

लेक – त्या माणसाची नोकरी जाईल. बायकापोरं आहेत त्याला.

अप्पा – जाईल.

लेक – नुसतं जाईल जाईल काय म्हणताय! खारूही जाईल! कोर्टाला फसवणारी आई म्हटल्यावर कोण ठेवेल तिला माझ्याकडे? तो घेऊन जाईल तिला. आणि तुम्ही इथे बसाल ते अस्वल मांडीवर घेऊन. चालेल?

अप्पा – नाही चालणार.

लेक – हुकूम झाला त्या दिवशी कोण हात जोडून उभं होतं देवाच्या तसबिरीसमोर? तुम्हीच ना? "सुटलो गं बाई" म्हणालात. तिचा पलंग तुमच्या खोलीत कुणी ओढत नेला? कंबर धरली होती दोन दिवस.

अप्पा – मी नेला. त्या दिवशी माझ्याइतका सुखी माणूस नसेल कुठे. अगं, झोपेत ती माझ्या पोटावर पाय टाकते. मी कुशीवर वळतसुद्धा नाही, पाय खाली पडेल म्हणून. ती गेली तर काय होईल ते तू मला सांगतेस? सलूनमध्ये तो बोलला ना, तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं सांगू? नशीब, न्हाव्याशिवाय कुणी ऐकलं नाही. हे आलं. गप्प बसावं, दाढी पुसावी आणि घरी यावं. खारू वाट बघत असेल.

लेक – मग तसं करा ना. अप्पा, मी पाया पडते तुमच्या. एकदाच गप्प बसा. आयुष्यभर ओरडलात, एकदा माझ्यासाठी गप्प बसा.

अप्पा – बसलो असतो. खरंच बसलो असतो. तिकडे गेलो नसतो तर बसलो असतो. पण तो म्हणाला, माझीच चूक. त्यानं तुझ्यावर संशय घेतला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, जा मर. पण त्याच्या मनालाही शिवत नाही की तू असं काही करशील.

लेक – मला ठाऊक आहे.

अप्पा – काय ठाऊक आहे?

लेक – काही नाही.

अप्पा – बोल.

लेक – हुकूम झाल्यावर मी बाहेर आले. वाटलं होतं, तो कंटाळून निघून गेला असेल. तिथेच होता. बाकावर, मान अशी दाराकडे करून. मला बघून उठला. शर्टाला घड्या पडल्या होत्या नव्या कापडाच्या. मला विचारलं, "आपला नंबर कधी लागेल गं?"

अप्पा – तुला विचारलं?

लेक – मला. आणखी कुणाला विचारणार? त्याच्या ओळखीचं त्या कोर्टात मीच एक होते.

अप्पा – तू काय म्हणालीस?

लेक – म्हटलं, वेळ लागेल अजून.

अप्पा – अरे देवा.

लेक – "बरं" म्हणाला आणि पुन्हा बसला. मी जिन्यावरून खाली उतरले. त्याच जिन्यावरून. मागे वळून बघितलं नाही. तुमचं तेच शिकवणं ना, तोंड बघायचं नाही.

अप्पा – पूस डोळे. ती येईल आत.

लेक – मला नाही करवत, अप्पा. माझी हरकत नाही म्हणायचं म्हणजे... तीन शब्द आहेत, मला ठाऊक आहे. पण ते म्हटले आणि उद्या काही झालं तिला, तर मी कुणाकडे बघू?

अप्पा – मी नाही सांगू शकत. मला एवढं वाटतं, तिला उद्या कळेल. आज ना उद्या, कुणीतरी सांगेलच. गावात न्हावी आहे, पुकारेवाला आहे. तेव्हा ती आपल्या दोघांकडे कशी बघेल?

लेक – तुम्ही उद्या खरंच येणार?

अप्पा – येणार. हा बघ, माझा कोर्टातला कोट काढलाय कपाटातून. त्यालाही इस्त्री लागेल.

लेक – तुमच्या कोटाला इस्त्री मी करायची? माझ्याच विरुद्ध उभं राहायला?

अप्पा – मग राहू दे. चुरगळलेलाच घालून येतो.

लेक – ...द्या इकडे.

अप्पा – राहू दे गं.

लेक – द्या म्हणते ना. कोपरावर विरलाय, तुम्ही जाळून ठेवाल.

खारू – आजोबा, सगळे आले! अस्वल, ससा, आणि बदक लंगडत आलं. आता कुणाला पुकारू?

अप्पा – आता कुणी नाही. कोर्ट उठलं म्हणावं. आत ये, ऊन लागेल.

खारू – कसं उठेल? एक जण राहिलाय अजून. बाबा राहिलेत.

लेक – खारू, आत ये बघू. हात धू.

खारू – थांब ना गं! तीनदा पुकारल्याशिवाय कोर्ट उठत नाही. हो ना, आजोबा?

अप्पा – हो.

खारू – बाबा हजर आहेत काऽऽऽ!

लेक – अप्पा, बोलवा तिला आत.

अप्पा – तू बोलाव.

खारू – बाबा हजर आहेत काऽऽऽऽ!

(खाली रस्त्यावरून जाणारा एक माणूस थबकून मान वर करतो, गॅलरीकडे बघतो आणि पुढे चालू लागतो.)

लेक – इस्त्री बंद करा, अप्पा. कोट जळेल.

खारू – बाबाऽऽऽ! हजर आहेत काऽऽऽऽऽ!

(अप्पा इस्त्रीचं बटण बंद करतात.)

खारू – आई.

लेक – काय गं?

खारू – मी हळू पुकारलं का?